गुरं सुटायचे दिवस

गेल्या आषाढात वरच्या वाडीतला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पन्नाशीचा आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग खाली बघत म्हणाला, "बाई, सड्यावरच्या तुमच्या कलमांखालचं गवत औंदा मला द्याल काय? चार गुरं हायत. कापून नेतो, नायतर तिथंच चारतो."

"सांगते" म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. खरं तर यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी आम्ही ते गवत पैसे मोजून मशीनने कापून घेतो आणि वाळलं की वणव्याच्या भीतीने जाळून टाकतो. बाग मुलगा पुण्याहून फोनवर बघतो, त्यामुळे त्याला विचारायला हवं होतं, हेही खरं. पण माझी जीभ अडली ती वेगळ्या कारणाने. त्याच सड्यावरून तीस वर्षांपूर्वी गुरं हलली ती माझ्या सहीने.

त्या रात्री मामंजींची वही काढली. माझे सासरे १९५६ पासून १९८४ पर्यंत, म्हणजे जाईपर्यंत, एक वही ठेवत असत. वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याच्या सात चोपड्या. त्यात जन्ममृत्यू नाहीत, राजकारण नाही. गाय कधी व्याली, दूध किती, गवत कधी कापलं, शेणाच्या किती टोपल्या कोणत्या रांगेतल्या माडांना गेल्या, रहाट कधी जोडला, एवढंच. आधी शेरात, मग हळूहळू लिटरात. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, अफझलखानापासून पानिपतापर्यंत, आणि ही वही फडताळात पडून होती.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं भूगोलाचं. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. समुद्राच्या बाजूला माडापोफळींचं आगर, मग घर, घराला लागून गोठा, पलीकडे भाताची खाचरं, आणि त्यावर चढून गेलं की जांभ्या दगडाचा सडा. शहरातल्या लोकांना वाटतं, बागायत म्हणजे गुरांची चंगळ. पण आमच्या जुन्या आगरात गवताची काडी नसायची. वर माड, त्याखाली पोफळी, मध्ये जायफळ, केळी, पोफळीवर चढलेले पानवेल. ऊन जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. गुरांचं पोट भरायचं सड्यावर आणि खाचरात. आगर त्यांना द्यायचं ती फक्त सावली, चार केळीचे गाभे आणि घाण्यावरून आलेली खोबऱ्याची पेंड. उलट आगराचं पोट मात्र गुरांवर भरायचं. वही वाचताना हे पानोपानी दिसतं.

मृग लागला की सडा आठवड्याभरात हिरवा. वाचणाऱ्याला वाटेल की आता दूध वाढणार. तसं होत नसे. चैत्रवैशाखात हाडं वर आलेली गुरं त्या कोवळ्या गवतावर तुटून पडायची आणि हगवणीने आणखी खंगायची. "सर्व गुरांस ढाळ" अशी नोंद जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठात आहे. शिवाय घटसर्प, फऱ्या हे रोग पहिल्या पावसाबरोबरच यायचे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गुरं दिवसभर भिजून थरथरत परत यायची. दूध चढायला लागायचं ते श्रावणापासून, गवत जून होऊन अंगी लागायला लागलं की.

याला आणखी एक कारण होतं, ते मला वहीतल्या तारखा मांडल्यावर कळलं. आमच्या गाई बहुतेक श्रावण-भाद्रपदात व्यायच्या. नऊ महिने नऊ दिवस मागे मोजा. कार्तिकाच्या आसपास येता. म्हणजे वर्षातल्या ज्या दोन महिन्यांत गुरं अंगाने भरलेली असायची, तेव्हाच ती गाभण राहायची. वसुबारसेला पूजेसाठी सवत्स गाय शोधत फिरावं लागत नसे, गोठ्यागोठ्यात दोन-तीन महिन्यांचं वासरू असायचंच. लहानपणी मला तो निव्वळ धर्माचा भाग वाटायचा.

"तांबू, सकाळी दीड शेर" ही भाद्रपदातली नोंद. तीच तांबू वैशाखात "पावशेर, तेही ओढून". आणि गंमत पाहा, मुंबईचे चाकरमानी यायचे दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात. गणपतीत दूध असायचं. मेमध्ये घरात पंधरा माणसं, चहाचं आधण सारखं चुलीवर आणि गोठ्यात पावशेर दूध. सासूबाई आमरसात दूध घालू देत नसत. "रसाची चव बिघडते" म्हणायच्या. खरं कारण मला सून म्हणून आल्यावर पहिल्याच मेमध्ये कळलं. (पुण्याच्या जाऊबाई अजून रसात दूध घालत नाहीत, चवीसाठी म्हणून!)

हे चढउतार फक्त कोकणातले नव्हेत. दूधवाले लोक पुष्टकाळ आणि कृशकाळ असे शब्द वापरतात. मुंबईसारख्या शहराने यावर उपाय काढला तो भुकटीचा, हिवाळ्यातलं जास्तीचं दूध भुकटी करून उन्हाळ्यात मिसळायचं. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापुराच्या योजनेत तर युरोपातून देणगी म्हणून आलेली भुकटी आणि लोणी-तेल वापरून शहरांचं दूध वाढवलं गेलं. आमच्या गोठ्यात भुकटी नव्हती. आम्ही काळा चहा प्यायचो.

पण मामंजींच्या वहीत दुधाची नोंद समासात आहे. मधल्या मोठ्या रकान्यात आहे ते शेण आणि रहाट. लग्न होऊन आले तेव्हा मला हे उलटं वाटायचं. आता हिशोब करून पाहिला. मोठ्या माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत घालावं असं आज दापोलीचं कृषी विद्यापीठही सांगतं. आमचे माड चाळीस, म्हणजे फक्त माडांनाच दोन टन. पोफळी वेगळ्या, आणि माघ-फाल्गुनात भाताच्या राबाला लागायचं ते वेगळं. हे सगळं लहानखुऱ्या आठ जनावरांवर. तेही बारा महिने हाताशी नसायचं, कारण उन्हाळ्यात गुरं सड्यावर फिरायची आणि शेण तिथेच पडायचं. शेण साठायचं ते पावसाळ्यात. मृगाच्या सुरुवातीला कुजलेलं खत माडांच्या आळ्यांत गेलं की शेणाचा खड्डा रिकामा व्हायचा. मग पावसाळाभर गोठ्यात आंब्याफणसाचा पातेरा अंथरायचा, गुरांनी तो तुडवायचा, सकाळी ओढून झाप शाकारलेल्या खड्ड्यात टाकायचा. दूध जेव्हा जेमतेम तेव्हाही हे पीक चालूच. सासूबाईंचे हात वर्षातले चार महिने त्याच वासाचे असत. माझेही होते. शाळेत जाताना मी दोनदोनदा साबण लावायची.

आणि दिवाळीनंतर शिंपणं. पाऊस संपला की पोफळीला पाण्याशिवाय जगता येत नाही. विहिरीवर रहाट, रहाटाला लोट्यांची माळ, आणि तो फिरवायला आमच्याकडे रेडा. कार्तिकापासून मृगापर्यंत, सात महिने. रेड्याला ऊन सोसत नाही, त्यामुळे वैशाखात पहाटे चारला रहाट सुरू व्हायचा आणि ऊन चढायच्या आत सुटायचा. म्हणजे ज्या महिन्यांत जनावराला वैरण सर्वांत कमी, त्याच महिन्यांत झाडाला त्याच्या अंगातला जोर सर्वांत जास्त हवा असायचा. मामंजी रेड्याला त्या दिवसांत पेंड आणि पेज द्यायचे, गाईंना नुसता पेंढा. सासूबाई कधीकधी चोरून गाईला पेज घालायच्या, तेही वहीत आहे: "पेज कमी भरली. विचारले नाही."

आता गुरं सुटायचं सांगते. पावसाळ्यात खाचरात भात उभं असायचं, त्यामुळे प्रत्येक जनावरामागे राखण लागायची. इरली पांघरलेली पोरं दिवसभर सड्यावर. भात कापून झालं, उडव्या रचल्या, सड्यावरचं गवत कापून भारे घरी आले की गावाला गुरांची भीती उरत नसे. मग ती सुटायची. सकाळी दावं सोडलं की संध्याकाळी आपापली परत. कोणाच्याही खाचरात, कोणाच्याही वरकस जमिनीत. शिमगा झाला की काही तर रात्रीही यायची नाहीत. खोती गेली, कुळकायदा आला, जमिनींचे मालक बदलले, तरी पीक नसताना सगळ्यांची जमीन सगळ्यांच्या गुरांची हा रिवाज बदलला नाही. माघात काजूचे बोंडू पडायला लागत, गुरं त्यांच्या वासावर जायची. वैशाखात पडके आंबे. कोय घशात अडकून एक पाडी गेल्याची नोंद आहे, तिच्यापुढे मामंजींनी काहीच लिहिलेलं नाही.

हे कॅलेंडर मला वहीच्या आधी शाळेच्या हजेरीपटात दिसलं होतं, फक्त तेव्हा ते ओळखता आलं नाही. पाचवी ते सातवीचे मुलगे आषाढापासून कार्तिकापर्यंत गैरहजर. "कुठे होतास?" "गुरांकडं होतो, बाई." दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच मुलगे नियमित. मी रागवायची, पालकांना बोलावणं धाडायची. हा जो आता गवत मागायला आला, त्याला मी सहामाहीत तीन विषयांत नापास केलेलं आहे. सहामाही परीक्षा नेमकी भात उभं असताना यायची. वार्षिकला तो वर्गात पाचवा आला होता. दोन्ही निकालपत्रकं माझ्याच अक्षरात होती आणि मला त्यात काही दिसलं नाही.

हे सगळं मोडलं कसं? एका दिवसात नाही मोडलं. आमच्याकडे १९६८ साली डिझेलचं इंजिन आलं आणि रेडा विकला गेला. त्याबद्दल कोणी हळहळलं नाही, पहाटे चारला उठणारे मामंजी तर नाहीच. त्याच सुमारास बुटकी सुधारित भातं आली, जयासारखी. दाणा भरपूर, पण काड आखूड. पेंढ्याच्या उडव्या बुटक्या झाल्या. तांदूळ वाढल्याच्या आनंदात तेही कोणी मोजलं नाही.

१९७९ साली मी पगारावर कर्ज काढून घाटावरची संकरित गाय आणली. मुलं लहान होती, समासातलं दूध मला मोठ्या रकान्यात हवं होतं. तिने पहिल्या हिवाळ्यात दिवसाला आठ लिटर दूध दिलं. सगळी वाडी बघायला आली. चैत्रात उकाडा वाढला तशी ती जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली, चारा टाकून आगराच्या सावलीत उभी राहायची. दूध निम्म्यावर. पाऊस सुरू झाल्यावर खुरं नासली, अंगभर गोचीड. श्रावणात ताप चढला, गळ्याच्या आणि खांद्याच्या गाठी सुजल्या. डॉक्टर येईपर्यंत दोन दिवस गेले. गोचीड ताप, म्हणाले, संकरित जनावरांना फार. शेजारच्या दावणीला तांबूची नात त्याच गोचिडांसकट रवंथ करत होती. मामंजींनी वहीत लिहिलं, "सूनबाईची गाय गेली." मला एका शब्दाने बोलले नाहीत. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षं चालले.

पण खरा बदल आला तो १९९० नंतर. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातले सडे बघता बघता आंबाकाजूखाली गेले. मी या योजनेला नावं ठेवणार नाही. तिच्यामुळे कित्येक घरांत पहिल्यांदा चार पैसे आले, आमच्याही. माझ्या धाकट्याचं इंजिनिअरिंग कलमांवर झालं. पण अनुदान हप्त्याहप्त्याने मिळायचं, आणि रोपं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. रोप जगायचं तर पहिला शत्रू गुरं. १९९२ साली आम्ही सड्यावर कलमं लावायचं ठरवलं. यजमान ग्रामपंचायतीत अडकलेले, त्यामुळे कागद मी भरले, सह्याही केल्या. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आणि गवत?" मी म्हटलं, "पेंढा विकत घेऊ." त्या गप्प बसल्या.

आमच्या कुंपणाला लागून शेजाऱ्याचं कुंपण, त्याला लागून पुढच्याचं. चिऱ्याचे गडगे आणि काटेरी तार. तीन-चार वर्षांत गुरं सोडायला गावात जागा उरली नाही. यजमान कोंडवाड्याच्या दंडाच्या पावत्या घरी आणायचे, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेला तो कोंडवाडा पूर्वी गजबजायचा श्रावण-भाद्रपदात, भातात शिरलेल्या गुरांनी. आता तो भरायला लागला पौष-माघ-फाल्गुनात. मोहोर, फळ, फवारणी, काजूच्या बिया, सगळं नेमकं त्याच महिन्यांत. गुरं सुटायचे जे दिवस होते, तेच बंदीचे झाले. गाईचं वर्ष शेकडो वर्षं भाताच्या भोवती फिरत होतं, ते उलटं झालं आणि कोणत्याही सभेत त्यावर दोन वाक्यं बोलली गेली नाहीत. निदान आमच्या गावात तरी नाही.

उन्हाळाभर बांधून विकतचा पेंढा घालणं परवडेना. १९९४ च्या फाल्गुनात आम्ही उरलेल्या पाचही गाई एका व्यापाऱ्याला दिल्या. कुठे नेणार, हे मी विचारलं नाही. सासूबाई सकाळपासून आगरात जाऊन बसल्या, टेम्पो गेल्यावर आल्या. त्या वर्षापासून आम्ही माडांना विकतच्या गोण्या घालतो.

२०१८ साली आमच्या त्या तांबूच्या जातीला "कोकण कपिला" या नावाने देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. दिवसाला दोन-अडीच लिटर दूध, उष्ण दमट हवेला आणि पावसाला टिकणारी, रोगाला काटक, असं तिचं वर्णन करतात. बातमी वाचून मी ती कापून ठेवली. आनंद झाला की लाज वाटली, सांगता येत नाही.

झाडाखाली गुरं पोसता येतात का, हाही प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने माडांच्या बागेत संकरित नेपियरसारखं गवत लावून गाई पाळण्याचे प्रयोग फार पूर्वीच केलेत. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या माडाची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. साडेसात मीटरवर लावलेल्या माडाच्या वाट्याला छपन्न चौरस मीटर जमीन येते आणि त्यातली जेमतेम साडेबारा तो वापरतो. कागदावर गणित करून पाहिलं, बरोबर आलं. पण ते सुट्या, रांगेत लावलेल्या माडांचं. आमच्या आगरात ती उरलेली जमीन जायफळ आणि केळींनी आधीच घेतलेली. कलमांखाली मात्र गवत आहे. तीस वर्षं ते आम्ही जाळत आलो.

मुलाला फोन केला. त्याची शंका रास्त होती. कलमांना पावसाळ्यात कल्टार देतात, ते मातीत जातं. आणि मोहोराच्या सुमारास फवारण्या सुरू होतात, तेव्हा तिथलं गवत जनावराच्या तोंडाला लागता कामा नये. शेवटी असं ठरलं: ज्या कलमांना कल्टार, तिकडची बाजू नाही, उरलेलं श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्याचं. पैसे नकोत, शेणाच्या पंचवीस पाट्या माडांना.

श्रावणात त्याची चार गुरं सड्यावर चढली. दोन तांबड्या, एक काळी, एक कालवड. तिसऱ्या दिवशी खालच्या फांद्यांची पालवी ओरबाडलेली दिसली, मुलगा फोनवर चिडला. मी म्हटलं, हात पोचेल तेवढीच खाल्लीय, राहू दे. काळी गाय गणपतीच्या आदल्या दिवशी व्याली, त्याने खरवस आणून दिला. मी मामंजींच्या सातव्या चोपडीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून, तारीख घातली आणि ते लिहिलं.

दिवाळीनंतर तो गुरं घेऊन खाली उतरला. मी विचारलं, "आता रे?"

"आता काय, बाई," तो म्हणाला, "मृगापर्यंत बांधूनच. घाटावरून पेंढ्याचा ट्रक येतोय, चौघांनी मिळून सांगितलाय."